चल आकृती आणि सिद्धता : जिओजेब्रा या साधनाचे परीक्षण

गणिताच्या शिक्षकास उपयुक्त अशा महाजालावरील साधनांच्या याद्या आता विपुल झाल्या आहेत. त्या साधनांचे परीक्षण मात्र क्वचितच आढळते. यादी करणारा अमुक साधन काय करते एवढे सांगून थांबतो. त्या साधनाच्या नित्य वापराने विषयाच्या स्वरूपाविषयी विद्यार्थ्याची कोणती समजूत घडते, हा प्रश्न यादीच्या कक्षेबाहेर राहतो. वस्तुतः पाठ्यपुस्तकाचे परीक्षण करताना हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. जे पुस्तकाला लागू, ते पडद्यावरील साधनालाही लागू असले पाहिजे. या दृष्टीने जिओजेब्रा हे साधन परीक्षणास विशेष योग्य आहे. त्याचा प्रसार मोठा आहे, त्याचा संबंध भूमितीशी, म्हणजे शालेय गणितातील सिद्धतेच्या मुख्य क्षेत्राशी आहे, आणि ते नुसती माहिती देत नाही, तर विद्यार्थ्याच्या हाती कृती सोपविते. खान अकॅडमीसारख्या दृक्‌श्राव्य पाठांचा विचार येथे बाजूस ठेवणे युक्त होय; ते पाठ शिक्षकाची जागा घेऊ पाहतात, त्याचे उपकरण होत नाहीत.

जिओजेब्राचा उगम ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी पदव्युत्तर प्रबंधाचा भाग म्हणून हे काम २००१-०२ च्या सुमारास हाती घेतले. त्यापूर्वी या जातीची दोन साधने प्रसिद्ध होती : ग्रनोबल येथे झाँ-मारी लाबोर्द यांच्या नेतृत्वाखाली १९८० नंतरच्या दशकात सिद्ध झालेले काब्री, आणि निकोलस जॅकिव यांचे १९९१ मधील जिऑमीटर्स स्केचपॅड. पडद्यावरील बिंदू ओढावा आणि त्यावर अवलंबून असलेली सारी आकृती त्याबरोबर हलावी, ही कल्पना त्या दोहोंत पूर्णपणे अवतरली होती. होहेनवार्टर यांनी आकृतीच्या शेजारी तिचे बीजगणित मांडले. वर्तुळ काढले की त्याचे समीकरण लगतच्या रकान्यात उमटते, आणि समीकरण बदलले की वर्तुळ सरकते. भूमिती आणि बीजगणित यांचा जो संयोग देकार्तने १६३७ साली ग्रंथबद्ध केला तो येथे एका दृष्टिक्षेपात येतो. साधनाचे नावही त्याच संयोगातून बनले आहे. शिवाय ते अव्यापारी उपयोगासाठी विनामूल्य राहिले. शाळांतील प्रसाराचे कारण या दुसऱ्या गोष्टीत अधिक असावे.

या साधनाचा खरा गुण कोणता? चित्र सुबक येते, रंग भरता येतात, फळ्यावरील वेळ वाचतो, हे गुण सामान्यतः सांगितले जातात. ते खरे आहेत, पण गौण आहेत. मुख्य गुण असा की, हे साधन चित्र आणि आकृती यांतील भेद विद्यार्थ्यास सक्तीने शिकविते. चौरसाचे उदाहरण घ्यावे. चार बिंदू अंदाजाने घेऊन ते रेषाखंडांनी जोडले आणि डोळ्यांना चौरस वाटेल असे जुळविले, तर वहीच्या पानावर ती रचना चौरस म्हणून खपून जाते; शिक्षकही तिच्याखाली बरोबरची खूण करतो. जिओजेब्रामध्ये मात्र एक शिरोबिंदू ओढताच तो चौरस मोडतो आणि वेडावाकडा चौकोन उरतो. याउलट, एका रेषाखंडाच्या अंत्यबिंदूंतून लंब काढून, तेवढ्याच त्रिज्येच्या वर्तुळांनी ते लंब छेदून चौरस रचला असेल, तर तो कितीही ओढला, फिरविला, लहानमोठा केला तरी चौरसच राहतो. पहिल्या विद्यार्थ्याने चौरसासारखे दिसणारे काही काढले. दुसऱ्याने चौरसाची व्याख्या रचनेत उतरविली. कागद हा भेद दाखवू शकत नाही, कारण कागदावरील आकृती हलत नाही.

याहून सूक्ष्म गोष्ट बिंदूंच्या रंगांत दडलेली आहे. जो बिंदू स्वतंत्रपणे घेतला तो निळा दिसतो. जो इतरांवरून ठरला तो काळसर दिसतो आणि त्याला धरून ओढता येत नाही. मराठी शाळांतील भूमितीच्या वहीत प्रमेयाखाली ‘पक्ष’, ‘साध्य’, ‘सिद्धता’ अशी तीन पदे क्रमाने लिहिण्याची जुनी शिस्त आहे. ही शिस्त बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या हातून यांत्रिकपणे पाळली जाते. पक्ष म्हणजे प्रश्नातील पहिले वाक्य आणि साध्य म्हणजे शेवटचे, एवढाच अर्थ त्यांच्या मनात असतो. जिओजेब्रात पक्षाला दृश्य रूप मिळते. निळे बिंदू आणि त्यांवर केलेली रचना हा पक्ष होय, आणि ओढताना जे न लादताही टिकून राहते ते साध्य होय. रचनेचा क्रमवार लेखही हे साधन ठेवते. कोणते पद कोणत्या पदावर अवलंबून आहे हे त्यात पाहता येते. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात हे प्रमेय आणि त्याचा व्यत्यास यांत विद्यार्थी सदैव गोंधळतात. त्यांना दोहोंची रचना करावयास लावावी. पहिल्यात चारही बिंदू वर्तुळावर घ्यावे लागतात आणि कोन आपोआप ठरतात. दुसऱ्यात कोनांची बेरीज दोन काटकोन होईल अशी योजना करावी लागते, आणि वर्तुळ तीन बिंदूंतून काढून चौथ्याकडे पाहावे लागते. दोन्ही चित्रे शेवटी सारखीच दिसतात, पण त्यांच्या रचनेचे क्रमलेख भिन्न असतात. व्यत्यास म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट निदर्शन फळ्यावर करणे कठीण आहे.

आता दोषाकडे वळावे. तो दोष गुणातूनच उत्पन्न होतो. पिएर व्हारिन्याँ यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले, त्यांच्या मृत्यूनंतर १७३१ साली प्रकाशित झालेले प्रमेय असे : कोणत्याही चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडले असता समांतरभुज चौकोन मिळतो. चौकोन अबकड पडद्यावर काढून त्याच्या अब, बक, कड, डअ या बाजूंचे मध्यबिंदू अनुक्रमे प, फ, म, न जोडावेत आणि अ हा बिंदू वाटेल तसा ओढावा. चौकोन बहिर्वक्र असो, आत दबलेला असो, इतकेच काय, त्याच्या दोन बाजू एकमेकींना छेदून जावोत, पफमन समांतरभुजच राहतो. ओढण्याच्या दहा क्षणांत शेकडो चौकोन डोळ्यांखालून जातात. ज्या विद्यार्थ्याने हे पाहिले त्याला प्रमेयाच्या सत्यतेविषयी यत्किंचितही शंका उरत नाही. आणि शंका उरली नाही, तर सिद्धता कशासाठी लिहावयाची? शिक्षक म्हणतो, “आता सिद्ध करा.” विद्यार्थी मनात म्हणतो, “दिसले की!” सिद्धता म्हणजे निश्चितीचे साधन, एवढीच कल्पना शाळेत रुजविली असेल, तर विद्यार्थ्याचे हे उत्तर बिनतोड आहे.

दक्षिण आफ्रिकेतील गणितशिक्षणाचे अभ्यासक मायकेल द व्हिलिअर्स यांनी या पेचावर सुचविलेला मार्ग विचारार्ह आहे. सिद्धतेची कार्ये अनेक आहेत; सत्याची निश्चिती हे त्यांतील एक, आणि स्पष्टीकरण हे दुसरे. जेथे चल आकृतीने निश्चिती आधीच दिली तेथे सिद्धतेने स्पष्टीकरणाचे कार्य करावे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. व्हारिन्याँच्या प्रमेयात हे सुरेख उतरते. अक हा कर्ण काढला की पफ आणि नम हे दोन्ही रेषाखंड त्या कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्म्या लांबीचे ठरतात, कारण दोन त्रिकोणांत मध्यबिंदूंचे प्रमेय दोनदा लागू पडते. मूळ आकृतीत नसलेली एक रेषा काढावी लागते, आणि ती कितीही ओढल्याने आपोआप उगवत नाही. बाजू परस्परांना छेदणाऱ्या चौकोनातही प्रमेय का टिकते, याचा उलगडा तिनेच होतो : त्या युक्तिवादात चौकोनाच्या आकाराचा कोठे आधारच घेतलेला नाही. दोन्ही कर्ण परस्परांना समांतर होतील असा चौकोन ओढून केला तर समांतरभुज चौकोन चपटा होऊन एका रेषेत मिटतो. याचेही कारण त्याच कर्णात आहे. पडद्याने प्रश्न उपस्थित केला, कर्णाने उत्तर दिले.

तथापि द व्हिलिअर्स यांची भूमिका स्वीकारूनही एक गोष्ट निसटते. पडदा देतो ती निश्चिती खरोखरच निश्चिती असते काय? जिओजेब्रा मोजमापे दशांश अपूर्णांकांत दाखविते, आणि मूळ योजनेप्रमाणे दोनच दशांश स्थळे दाखविते. एखाद्या त्रिकोणाचे कोन ५२.३४, ६१.२३ आणि ६६.४२ अंश असे दिसतात. प्रामाणिक विद्यार्थी त्यांची बेरीज करतो आणि त्याला १७९.९९ मिळते. येथे निदान साधनाची मर्यादा उघडी पडते, हे एका अर्थी इष्टच. खरा धोका उलट प्रकारात आहे : जे समान नाही ते समान दिसते.

याचे उत्तम उदाहरण श्रीनिवास रामानुजन यांच्या १९१३ मधील एका छोट्या टिपणात मिळते. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या टिपणात, दिलेल्या वर्तुळाशी जवळजवळ समक्षेत्र असा चौरस पट्टी व कंपास यांनी काढण्याची रचना आहे. ती ३५५/११३ या अपूर्णांकावर आधारलेली आहे. ती रचना जिओजेब्रात एकक त्रिज्येच्या वर्तुळावर करून पाहावी. चौरसाचे क्षेत्रफळ ३.१४, वर्तुळाचे ३.१४. दशांश स्थळे वाढवून पाच केली तरी दोन्हीकडे ३.१४१५९ हीच संख्या दिसते. निळा बिंदू ओढून वर्तुळ लहानमोठे केले तरी समानता ढळत नाही. व्हारिन्याँच्या प्रमेयाला जी कसोटी लावली तीच येथे लावली, आणि आकृती उत्तीर्ण झाली! वस्तुतः पट्टी व कंपास यांनी वर्तुळाचा समक्षेत्र चौरस काढणे अशक्य आहे, हे लिंडेमान यांनी १८८२ साली पायच्या बीजातीततेची सिद्धता देऊन निर्विवाद केले. दहा दशांश स्थळे मागितली म्हणजे भेद प्रकट होतो : ३.१४१५९२९२०४ आणि ३.१४१५९२६५३६. रामानुजन यांना ही सन्निकटता आहे याचे पूर्ण भान होते. वर्तुळाचे क्षेत्रफळ १,४०,००० चौरस मैल असेल तर चौरसाच्या बाजूत सुमारे एक इंचाची चूक येईल, असे त्यांनीच नमूद केले आहे. पडद्यावर हे भान आपोआप येत नाही. सबब भूमितीच्या वर्गात व्हारिन्याँच्या आधी रामानुजनची ही रचना दाखविणे हा क्रम अधिक श्रेयस्कर ठरेल. सिद्धतेची गरज ज्याला प्रथम एकदा पटली तो पुढे “दिसले की” असे सहजासहजी म्हणणार नाही.

साधनाच्या निर्मात्यांना ही अडचण अपरिचित नाही. दोन वस्तूंतील संबंध तपासण्याची जी सोय त्यात आहे ती प्रथम केवळ संख्यांची तुलना करून उत्तर देते. अधिक विचारणा केल्यावर बैजिक पद्धतीने तपास करून अमुक विधान सामान्यतः, म्हणजे काही अपवादात्मक स्थिती वगळता, सत्य आहे असे सांगते. चिनी गणिती वू वेन-त्सुन यांनी १९७० नंतरच्या दशकात यांत्रिक सिद्धतेचा जो मार्ग घालून दिला त्याच परंपरेतील हे काम आहे आणि बौद्धिक दृष्ट्या ते मोठे आहे. मोजमाप आणि सिद्धता यांतील भेद यंत्रानेच मान्य करावा, हेही लक्षणीय. पण हा निर्णय न्यायाधीशाने कारणे न देता दिलेल्या निकालासारखा आहे. विद्यार्थ्याच्या हाती ‘होय’ एवढाच शब्द पडतो. कर्ण कोठे काढावयाचा हे त्यातून कळत नाही.

भूमितीबाहेरील एक साधन तुलनेसाठी घेण्याजोगे आहे. नील स्लोन यांनी १९६४ साली संख्यांच्या क्रमिका जमविण्यास आरंभ केला. तो संग्रह पुढे महाजालावर आला आणि आज त्यात साडेतीन लाखांहून अधिक क्रमिका आहेत. देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या नावाच्या संख्याही त्यात आहेत. सरकारी शाळेच्या पगारावर गणित करणाऱ्या या गृहस्थांना असा संग्रह हाताशी असता तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. या संग्रहाला १, २, ४, ८, १६ या संख्या दिल्या तर तो एक उत्तर देत नाही; अनेक क्रमिका पुढे ठेवतो. त्यांपैकी एकीत पुढील पद ३२ असते, दुसरीत ३१. वर्तुळावर बिंदू घेऊन सर्व जीवा काढल्या असता वर्तुळाचे जास्तीत जास्त किती भाग होतात, याची ती दुसरी क्रमिका आहे. येथे जिओजेब्राची जोड द्यावी. सुसम षट्कोनाचे सहा बिंदू घेऊन भाग मोजले तर ते ३० भरतात, कारण तीन मोठे कर्ण केंद्रात एकत्र मिळतात. एक बिंदू वर्तुळावर किंचित सरकविला की केंद्रापाशी एक चिमुकला त्रिकोण उघडतो आणि भाग ३१ होतात. ३२ कधीच होत नाहीत. आकृतीच्या हालचालीचा इतका मार्मिक उपयोग प्रमेये ‘पडताळून पाहण्यात’ क्वचितच होतो. आलेखांसाठी लोकप्रिय झालेले डेस्मॉस हे २०११ पासूनचे साधन याच पंक्तीत बसते. आलेख काढण्यात ते अधिक सुटसुटीत आहे. रचनेच्या शिस्तीत मात्र जिओजेब्राची बरोबरी करीत नाही.

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांचा विचार करता अडचण साधनाच्या अभावाची राहिली नाही. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर संकेत आले, २०१७ पासून दीक्षा हे शासकीय व्यासपीठ उपलब्ध झाले, जिओजेब्राच्या वापराचे मार्गदर्शन मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने केले. अडचण आहे ती क्रियापदाची. वर्गासाठी दिल्या जाणाऱ्या सूचनांत बहुधा आकृती काढा आणि गुणधर्म पडताळून पाहा, असे सांगितलेले असते. पडताळणे ही क्रिया उत्तर ठाऊक असल्यावर होते. तिच्यात विद्यार्थ्याने गमावण्याजोगे किंवा मिळविण्याजोगे काही नसते. ‘पडताळा’ याऐवजी ‘मोडून दाखवा’ असे म्हटले तर तेच साधन वेगळे काम करू लागते. दिलेला समद्विभुज त्रिकोण कोणता बिंदू ओढल्याने मोडतो? कोणताच नाही, तर का नाही? साधनातील उपकरणपट्टी शिक्षकाला हवी तशी आखडता येते, ही सोय फार थोडे शिक्षक वापरतात. लंबदुभाजक एका टिचकीसरशी काढून देणारे उपकरण काढून टाकावे, रेषा आणि वर्तुळ एवढीच ठेवावीत. मग लंबदुभाजक म्हणजे काय हे विद्यार्थ्यास दोन वर्तुळांनी शोधावे लागते. वर्गात एकच पडदा असेल आणि साठ मुले असतील तरीही हे करता येते. कोणता बिंदू ओढावा आणि ओढल्यावर काय होईल, हे आधी वहीत लिहून घ्यावे, मग ओढावा.

एका व्यावहारिक शंकेचा उल्लेख आवश्यक आहे. जिओजेब्रा २०२१ साली बंगळूरच्या बायजूज या कंपनीने विकत घेतले, आणि २०२४ साली त्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. शिक्षकांनी वर्षानुवर्षे रचलेल्या आकृत्या दुसऱ्याच्या भांडारात ठेवलेल्या असतात, याचा विसर पडू नये. त्या आपल्या संगणकावर उतरवून ठेवता येतात, ठेवाव्यात.

भास्कराचार्यांनी बीजगणितात उपपत्तीचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक क्षेत्रगत आणि दुसरी राशिगत. जिओजेब्राच्या दोन रकान्यांना याहून समर्पक नावे मिळणार नाहीत. त्याच ग्रंथात १५ आणि २० या भुज-कोटीच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण विचारला आहे. तसे चार त्रिकोण कर्ण बाहेर ठेवून मांडले की मध्ये ५ बाजूचा लहान चौरस उरतो. चार त्रिकोणांचे ६०० आणि चौरसाचे २५ मिळून ६२५, म्हणून कर्ण २५. ही क्षेत्रगत उपपत्ती मोजमापावर उभी नाही. तुकडे कसे बसतात यावर उभी आहे, म्हणून तिच्यात कारण दिसते. हीच आकृती निळ्या बिंदूंवर रचून विद्यार्थ्याच्या हाती द्यावी आणि कर्ण स्थिर ठेवून भुज वाढवीत नेण्यास सांगावे. मधला चौरस आकसत जातो, भुज आणि कोटी समान होताच नाहीसा होतो, आणि भुज कोटीहून मोठा झाला की पुन्हा उघडतो. नाहीशा झालेल्या त्या क्षणी उपपत्ती टिकते काय, आणि पुन्हा उघडलेल्या चौरसाची बाजू आता कोणातून कोण वजा करून मिळते, हे दोन प्रश्न विद्यार्थी स्वतः विचारील. त्यांची उत्तरे दुसऱ्या रकान्यात, वजाबाकीच्या वर्गात आहेत.